दादा मैदानात उतरला की येतो

वैशाली, गाझियाबाद
१० ऑगस्ट २०२५

परीक्षित,

वड्यांसाठी डब्यात हात घातला असशील तर आधी हा कागद बाहेर काढ, नाहीतर तुपाचे डाग पडतील. आईला हे माहीत नाही. ती टेप शोधायला आत गेली तेवढ्यात मी तो डब्याच्या झाकणाखाली सरकवला. नारळीभात कोइमतूरपर्यंत टिकत नाही म्हणून वड्या, आणि वड्या फुटू नयेत म्हणून तुझाच जुना टॉवेल. आईने पार्सल असं बांधलंय की तू सरहद्दीवर आहेस असं वाटावं.

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. घंटी पूर्ण वाजते आणि बंद होते, म्हणजे मला ब्लॉक केलेलं नाहीस एवढं कळतं. रविवारी आईशी बोलत असतोस, मी खोलीत पाऊल टाकलं की नेटवर्क जातं. तिकडे नेटवर्क एवढं वाईट असेल तर तुमची कंपनी पंप तरी कशी विकते यार?

इकडे सगळं ठीक. बाबा रिटायर झाल्यापासून घराचं ऑफिस झालंय. भाजीवाल्याला फक्त 'लेखी कळवा' म्हणायचं बाकी आहे. माझ्या ट्रॉफ्या त्यांनी एका दुपारी उचलून माळ्यावर टाकल्या. संध्याकाळी आईने त्या उतरवून पुन्हा शोकेसमध्ये लावल्या. आता पुढची खेळी कुणाची ते बघायचं.

मी मजेत आहे. मजेत म्हणजे फिरतो. घरात बसवत नाही. सकाळी वैशालीला मेट्रोत बसतो, पार द्वारकेपर्यंत जातो आणि तसाच परत येतो. गाडी हलत असली की पाय गप्प बसतो. एकदा मध्येच करोल बागला उतरलो. मोटारींच्या सामानाच्या गल्लीत आरसे, बंपर, हेडलाइट, जे मोडेल ते नवं मिळत होतं. माझं डोकंच फिरलं. परत येऊन गाडीत बसलो.

एक गोष्ट सांगायची राहिली होती, तेवढ्यासाठी हे पत्र. त्या दिवशी तू हळू चालवत होतास. बाईक नवी होती, डिसेंबरचं धुकं होतं, मी मागे बसलो होतो, आणि उसाने भरलेली ती ट्रॉली रस्त्यात दिव्याशिवाय उभी होती. पोलिसांना मी हेच सांगितलं, बाबांनाही हेच. तुला सांगणार तोवर तू बॅग भरून दक्षिणेत पोचला होतास. माझ्या डाव्या घोट्याचा चुरा झाला आणि तुझं कोपर खरचटलं. गोव्याच्या क्लबने माझ्या जागी दुसरा डावा विंगर घेतला. ह्यात तुझी चूक कुठे बसते ते मला अजून सापडलेलं नाही. मी शोधलीच नाही असं मात्र समजू नकोस.

पाय ठीक आहे. दिवाळीला ये.

दादा


वैशाली
२४ ऑगस्ट

परीक्षित,

वड्या मिळाल्या, असा फोन आईला आला. पत्राबद्दल तू तिला काही बोलला नाहीस, त्याबद्दल थँक यू. मलाही काही बोलला नाहीस, त्याबद्दल काय म्हणायचं ते मी अजून ठरवलेलं नाही. हे स्पीड पोस्टाने पाठवतोय. काल पाकीट घ्यायला गेलो तेव्हा पोस्टाच्या खिडकीवरची बाई म्हणाली, "आजकल चिट्ठी कौन लिखता है, भैया?" मी म्हटलं, ज्यांचे भाऊ फोन उचलत नाहीत ते लिहितात. ती हसली. मी गंमत करत नव्हतो.

पाय ठीक आहे असं मागच्या वेळी लिहिलं होतं. ते खोटं होतं.

नोएडाच्या डॉक्टर त्यागींकडे गेलो होतो. एकटाच. त्यांनी एक्स-रे उजेडात धरला आणि बराच वेळ धरूनच ठेवला. मग म्हणाले की सांधा संपलाय. आता घोट्याची हाडं एकमेकांना जोडून तो कायमचा जाम करून टाकायचा. ऑपरेशन दिल्लीच्या सरकारी हॉस्पिटलात होईल, तिथे ते स्वतःच करतात. दुखणं थांबेल. चालता येईल, जिने चढता येतील, गाडी चालवता येईल. "और खेल?" मी विचारलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. डॉक्टरने चष्मा काढला की पुढचं ऐकायची गरज नसते.

ऑपरेशन नाही केलं तर? दुखत राहील, वाढत जाईल, पण घोटा वाकेल. थोडासा, गंजलेल्या दाराच्या बिजागरीसारखा, पण वाकेल. आणि घोटा वाकतोय तोवर मी फुटबॉलर आहे, अशी माझ्या डोक्याची समजूत आहे. "सोचता हूँ," असं म्हणून उठलो.

विचार काय केला सांगू? सरळ शेजारच्या वसुंधरा कॉलनीच्या मैदानावर गेलो. कॉलनीतली पोरं खेळत होती. म्हटलं, पास दे. बॉल पायाखाली आला आणि परीक्षित, अंगातून असं काही गेलं की काय सांगू. साइडलाइनने सुटलो. खरंच सुटलो रे. वारा कानात शिरेपर्यंत पळालो. मग आत वळायचं म्हणून डावा पाय टेकला, आणि पुढचं आठवतं ते म्हणजे माझ्या तोंडात माती होती आणि पोरं "अंकल, अंकल" करत होती. पडल्याचं काही नाही. अंकल मात्र लागलं.

आईला सांगितलं की बाथरूममध्ये घसरलो. तिने लगेच बाथरूम घासायला घेतलं. दारात उभा राहून मी तिला घासताना बघत होतो आणि मला स्वतःची एवढी लाज वाटली की पुन्हा मेट्रो गाठली.

हे फक्त तुला सांगतोय. तू कुणाला सांगणार नाहीस, कारण तू कुणाशी बोलतच नाहीस. तुझा एवढा तरी उपयोग आहे.

दादा


वैशाली
१ सप्टेंबर

परीक्षित,

काल माझा सत्कार झाला. हसू नकोस. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, सगळं साग्रसंगीत.

आपल्या मंडळाचा गणपती. अण्णासाहेब तुला आठवतात ना, मंडळाचे सेक्रेटरी, प्रत्येक भाषणात दोनदा घसा खाकरून 'दिल्लीतील मराठी माणूस' म्हणणारे? ते महिन्यापूर्वी घरी आले आणि आईने त्यांना परस्पर हो म्हणून टाकलं. स्टेजवर माझ्या एका बाजूला पंचाहत्तरी पूर्ण केलेले गृहस्थ, दुसऱ्या बाजूला एकसष्टीच्या काकू, मध्ये मी. शाल पांघरून नारळ हातात घेतला की कुणीही म्हातारा दिसतो. मी तर सव्वीस वर्षांचा म्हातारा. मागे बॅनर होता. 'माजी फुटबॉलपटू श्री. संग्राम ह्यांचा हृद्य सत्कार.' लोक टाळ्या वाजवत होते, मी मान मागे वळवून 'माजी' वाचत होतो, आणि अण्णासाहेब कानात म्हणत होते, "अरे, समोर बघ, फोटो आहे."

फोटो निघाला. तिथून खरा तमाशा सुरू झाला.

मोदकांच्या रांगेत मला आई दिसेना. शोधत मांडवामागे गेलो, तर ती अण्णासाहेबांसमोर हात जोडून उभी. खरोखर हात जोडून, परीक्षित. "अण्णासाहेब, कृपा करा, तो फोटो ग्रुपवर टाकू नका. बॅनर दिसतोय त्यात. आमचा धाकटा अजून ग्रुपवर आहे." अण्णासाहेब म्हणाले, "अहो वहिनी, त्यात काय एवढं? माजी म्हणजे मानाचंच आहे." आणि आई रडायला लागली.

घरी येताना रिक्षात मी तिला बोलतं केलं. सगळं बाहेर आलं. मी रोज सकाळी पळतो म्हणे. फिजिओ खूश आहे म्हणे. जानेवारीत एका क्लबची ट्रायल आहे म्हणे, नोएडात. दर रविवारी ती तुला हे सांगते, आणि मी खोलीत आलो की फोन तू ठेवत नव्हतास, तीच ठेवत होती! मी तुझ्या नेटवर्कला उगाच शिव्या घातल्या.

"का?" मी विचारलं. ओरडलोच. रिक्षावाल्याने मागे वळून बघितलं.

ती म्हणाली, "तोच बोलला ना मला, दादा मैदानात उतरला की येतो. त्याची पहिली मॅच बघायलाच येतो, त्याआधी तोंड दाखवणार नाही. मग मी काय करू? एकाचा पाय गेला, दुसरा पोरगाच गेला. खरं सांगणं थोडं पुढे ढकललं मी, बस."

थोडं पुढे ढकललं. दीड वर्ष उलटून गेलं, परीक्षित.

रात्रभर माझ्या मनातून ते गेलं नाही. आता मला राग आलाय, आणि तो तुझाच आलाय. हा नवस तू कुणाला विचारून केलास? माझ्या पायावर तुझ्या येण्या-न येण्याची अट घालायला तुला कुणी सांगितलं? मी त्या ऑपरेशनला हो म्हटलं तर तू कधीच येणार नाहीस. नाही म्हटलं तर मी लंगडत राहायचं आणि आईने दर रविवारी मला पळवायचं. वा! काय मस्त सोय केलीस सगळ्यांची.

फोटो ग्रुपवर आला नाही. तू बघ, अण्णासाहेबांनी नुसत्या नारळांचा फोटो टाकलाय.

संग्राम


वैशाली
१४ सप्टेंबर

परीक्षित,

मागचं पत्र पोस्टात टाकून घरी पोचेपर्यंत पस्तावलो होतो. पण त्यातलं काही परत घेत नाही.

आता नीट वाच.

मी पुन्हा खेळणार नाही. जानेवारीत नाही, पुढच्या वर्षी नाही, कॉलनीच्या पोरांबरोबर रविवारीसुद्धा नाही. हे वाक्य लिहायला मला चार दिवस लागले. दर वेळी 'बहुतेक' लिहायचो आणि कागद फाडायचो. आता बहुतेक नाही. त्यागींना हो म्हणून आलोय. सात ऑक्टोबरला ऑपरेशन. घोटा जाम होईल आणि मैदानात उतरणारा दादा नावाचा जो माणूस आईने तुझ्यासाठी सांभाळून ठेवलाय, तो संपेल. त्याची वाट बघत असशील तर बघू नकोस.

मी हे तुझ्यासाठी केलेलं नाही, गैरसमज नको. गेल्या आठवड्यात मेट्रोत राजीव चौकाला गर्दीत एका माणसाची बॅग माझ्या घोट्याला लागली आणि मी त्याची कॉलर धरली. त्याच्याबरोबर त्याची लहान मुलगी होती. ती माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती ना, ते बघून हात सोडला. तेव्हा वाटलं, बास. ह्या पायापायी मी गुंड व्हायचा बाकी आहे.

बाबांना सांगितलं तेव्हा ते पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "बरं केलंस." मग बराच वेळ त्यांनी पान उलटलं नाही. आईने ऐकलं आणि ती देवघरात गेली. देवाशी भांडली असणार, कारण बाहेर आल्यावर तिचा चेहरा आपल्याशी भांडल्यावर होतो तसा झाला होता. म्हणाली, "आता परीक्षितला मी काय सांगू?" मी म्हटलं, तू काही सांगू नकोस, मी लिहितो.

तर लिहितो. तुला माफ केलं असं मला लिहिता येत नाही. तू काही केलंच नाहीस तर माफ कशाचं करू? पण राग येत नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. तुझं नुसतं कोपर खरचटलं ह्याचा येतो. तू पळून गेलास ह्याचा तर फार येतो. पाय मोडला तेव्हा मला भाऊ हवा होता आणि भाऊ कोइमतूरला जाऊन प्रायश्चित्त करत बसला होता. माझं करिअर ट्रॉलीने नेलं, ते समजू शकतो. भाऊ कुणी नेला? तो तूच नेलास.

आता कामाचं. वॉर्ड पुरुषांचा आहे. तिथे पेशंटजवळ रात्री बायकांना राहू देत नाहीत, म्हणजे आई नाही. बाबा म्हणतात, मी बसेन. त्यांची शुगर तुला माहीत आहे. प्लास्टिकच्या खुर्चीवर रात्र काढली तर दुसरा बेड त्यांच्यासाठी लावावा लागेल. अण्णासाहेब म्हणाले, मंडळाचा एखादा कार्यकर्ता पाठवतो. मी नको म्हटलं. मला कार्यकर्ता नको आहे.

हे तुला गळ घालणं आहे हे मला कळतं. घालतोय गळ. मॅच नसणार. मैदान नसणार. मी गाऊन घालून पडलेला असेन आणि तुला माझं पॉट उचलावं लागेल. तरी ये.

दादा


ऑर्थो वॉर्ड, दिल्ली
९ ऑक्टोबर, दुपार

परीक्षित,

तू समोरच आहेस. खालून औषधं घेऊन आलास आणि खुर्चीत बसल्या बसल्या तोंड उघडं टाकून झोपलायस. तरी लिहितोय, कारण हे तोंडाने सांगायला गेलो तर माझा आवाज फुटेल आणि शेजारच्या बेडवाल्या चाचांना करमणूक होईल. त्यांची आज पुरेशी झाली आहे.

सहा तारखेला संध्याकाळी तू वॉर्डाच्या दारात बॅग घेऊन उभा होतास तेव्हा मी तुला ओळखलंच नाही. दाढी काय, पोट काय! तू 'दादा' म्हणाला नाहीस. मी 'आलास?' म्हणालो नाही. तू म्हणालास, "अटेंडंटचा पास कुठे मिळतो?" आणि मी म्हणालो, "खाली, एक नंबरच्या खिडकीवर." एवढ्या दिवसांनंतर भावाभावांचं पहिलं बोलणं हे.

सात तारखेला सकाळी एक शिकाऊ डॉक्टर पेन घेऊन आला, खूण करायला. "कौन-सा पैर?" मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालास, "बायाँ." आणि बाहेर निघून गेलास. ऑपरेशन थिएटरात नेताना स्ट्रेचर तुझ्या बाजूने गेलं, तेव्हा तू भिंतीकडे तोंड करून उभा होतास. मला हाक मारायची होती. मारली नाही. भीती वाटत होती, ऑपरेशनची नाही, तू पुन्हा स्टेशन गाठशील ह्याची.

गाठलं नाहीस. काल दिवसभर पॉट दिलंस, पाणी दिलंस, उशी वर घे खाली घे केलंस, नर्सशी भांडून इंजेक्शन लवकर आणवलंस. आणि ह्या सगळ्यात एकदाही माझ्या पायाकडे बघितलं नाहीस. प्लास्टरला वळसा घालून चालत होतास. मला वाटलं, झालं, डिस्चार्ज मिळाला की हा मला रिक्षात बसवेल आणि तिथूनच एअरपोर्टला जाईल. पुन्हा मी घंटी वाजवत बसायचं.

मग आज सकाळी मी डोळे मिटून पडलो होतो. झोपलो नव्हतो. शेजारच्या बेडवरच्या, बुलंदशहरच्या चाचांनी तुला विचारलं, "भैया क्या करते हैं तुम्हारे?"

आता तू उठून जाणार, असं मला वाटलं.

तू म्हणालास, "फुटबॉल खेलते थे. बहुत अच्छा खेलते थे."

"अब ठीक होके फिर खेलेंगे, अल्लाह ने चाहा तो."

"नहीं चाचा. अब नहीं खेलेंगे." आणि मग, अगदी साध्या आवाजात, "बाइक मैं चला रहा था."

वॉर्डात पंखा फिरत होता. पलीकडे कुणीतरी खोकत होतं. मला वाटत होतं की आता आभाळ कोसळेल. चाचांच्या डब्याचं झाकण वाजलेलं मला ऐकू आलं.

"अच्छा," ते म्हणाले. "और तूने सुबह से कुछ खाया?"

मी डोळे किलकिले करून बघितलं. त्यांनी पराठा तुझ्यापुढे धरला होता. तू तो घेतलास आणि खाल्लास, परीक्षित. रडत होतास आणि खात होतास, लोणच्यासकट. खाऊन झाल्यावर हात पुसलेस, खुर्ची पलंगाच्या डाव्या बाजूला ओढलीस आणि पहिल्यांदाच माझ्या पायाकडे बघितलंस. मग माझ्या पायाचा अंगठा, तेवढाच प्लास्टरबाहेर आहे, हातात धरून बसलास. मी जागा आहे हे तुला कळलं होतं. तरी सोडला नाहीस.

मीही पाय ओढून घेतला नाही. मी पडून राहिलो.

दादा